पायदानावर न चढलेली गाणी

लोकप्रिय गाण्यांना क्रमांक देण्याची रीत विलायतेत आणि आपल्याकडे जवळपास एकाच मोसमात सुरू झाली. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने वीसेक रेकॉर्ड दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या जास्त गेल्या ते विचारले आणि बारा क्रमांकांची यादी छापली. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तोच, ३ डिसेंबरला, रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. तिकडे साप्ताहिकांचा धंदा होता, इकडे बिनाका टूथपेस्टचा. आणि टूथपेस्टला कोलंबोचा रस्ता दाखवला तो एका मराठी माणसाने, अर्थात नकळत. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेगीते नापसंत होती, आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि देशभरचे श्रोते रेडिओचा काटा फिरवून सिलोनकडे वळले.

गीतमालेत सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि जमले तर बक्षीस मिळवायचे, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला आणि पत्रे उघडणाऱ्यांचीच दमछाक होऊ लागली, तेव्हा स्पर्धा बंद होऊन पायदाने, म्हणजे क्रमांक, आली. कोणते गाणे कुठल्या पायदानावर, हे ठरवायला रेकॉर्डविक्रेत्यांकडून खपाची माहिती मागवली जाई. त्यात एक गंमत होती. गाणे फार चालले की दुकानातला माल संपे. माल संपला की त्या आठवड्याची विक्री शून्यावर येई आणि जे गाणे सगळ्या गावाच्या तोंडी असे तेच कागदावर घसरे. यावर तोड म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मते जमेस धरली जाऊ लागली. म्हणजे क्रमवारी सुरू झाली त्याच काळात, खप आणि लोकप्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ती चालवणाऱ्यांना कळून चुकले होते. श्रोत्यांना मात्र ही शंका शिवली नाही. निवेदक अमीन सयानींचा आवाज इतका आर्जवी होता की त्याने सांगितलेला हिशेब तपासून पाहावा असे कोणाच्या मनात येणे कठीणच होते.

बुधवारी रात्री आठ वाजता इंदूरच्या तुकोगंजातही हा आवाज घरोघर येई. तुकोजीराव होळकरांचे नाव मिरवणारी ही वस्ती. दक्षिण तुकोगंजात नाथ मंदिर, जाल सभागृह, एकेकाळी प्रशस्त आवारांचे बंगले, आता त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती आणि हॉटेले. होळकरशाहीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. बाहेर हिंदी आणि माळवी, घरात मराठी, आणि देवघरात थोडी अधिकच मराठी. व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला मिनिटभर घेई, मग शॉर्टवेव्हवरून सिलोन लागे. आवाज मध्येच विरायचा, पुन्हा भरून यायचा. ताट वाढून ठेवलेले असले तरी सरताज गीत, म्हणजे पहिल्या पायदानावरचे गाणे, होईपर्यंत घरातली तरुण मंडळी हलत नसत. त्याच खोलीत, रेडिओखालच्या कपाटात, तबकड्यांची पेटी असे. त्या पेटीतली निम्मी गाणी या स्पर्धेत कधी उतरलीच नव्हती, कारण त्यांना उतरण्याची मुभाच नव्हती. गीतमाला हिंदी सिनेगीतांची होती. भावगीत, अभंग, नाट्यपद, लावणी, आरती, कोळीगीत हे सगळे दाराबाहेर.

दाराबाहेर राहूनही ही गाणी खपली, आणि बरीच खपली. मराठी भावगीताची तबकडी हा १९३०च्या दशकापासूनचा चालता व्यवहार होता. ज्यांच्या आवाजाने त्याची सुरुवात झाली ते गोविंद ऊर्फ जी. एन. जोशी पुढे एचएमव्ही कंपनीतच ध्वनिमुद्रण अधिकारी झाले, हे त्या व्यवहाराच्या प्रकृतीचे चांगले लक्षण मानायला हरकत नाही. तोटा देणाऱ्या मालाच्या गायकाला कंपनी खुर्ची देत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि मधले संगीत बसवायचे; भावगीताची बांधणी या मापाने घडली. पुढे सात इंची, ४५ फेऱ्यांची ई.पी. आली, तिच्यावर चार गाणी बसत. पातळ पुठ्ठ्याचे पाकीट, पुढे गायकाचा केस चापून बसवलेला फोटो, मागे चार गाण्यांची नावे, कवी आणि संगीतकार. कवीचे नाव छापलेले असणे ही मराठी पाकिटाची खूण. तिथे कवी हाच अर्धा ग्राहक ओढून आणी.

या गोष्टीत इंदूरचा वाटा केवळ ऐकणाऱ्याचा नाही. अरुण दाते इंदूरचे. ४ मे १९३४ रोजी त्यांचा जन्म या शहरात झाला. वडील रामूभैया दाते गायक नव्हते, संगीतकारही नव्हते, पण ‘रसिकाग्रणी’ ही त्यांची पदवी सगळ्या हिंदुस्थानी संगीतात माहीत होती. त्यांच्या बैठकीत दाद मिळाली की गवय्याला आपण खरेच गायलो असे वाटे. देवासला राहायला आलेल्या कुमार गंधर्वांकडे मुलाचे सुरुवातीचे शिक्षण झाले, पुढे के. महावीर यांच्याकडे. हे सगळे वळण गझलेचे, ठुमरीचे, उर्दूचे. श्रीनिवास खळ्यांनी मराठी गाण्यासाठी विचारले तेव्हा दाते लगेच तयार झाले नाहीत. माळव्यात वाढलेल्या जिभेवर मराठी उच्चार बसतील की नाही, ही त्यांची धास्ती होती. ती तुकोगंजातल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. पुण्याच्या पाहुण्यांसमोर बोलताना वाक्याचा शेवट गिळण्याची सवय इंदूरकर मराठी माणसाला असतेच.

मंगेश पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, बरोबर सुधा मल्होत्रा. १९६२ साली ‘शुक्रतारा’ आकाशवाणीवरून गेले. पुढे यशवंत देवांनी स्वरबद्ध केलेली पाडगावकरांची आणखी गाणी आली आणि दाते हे नाव भावगीताशी कायमचे जोडले गेले. ज्या उच्चारांची धास्ती होती त्यांनीच काम केले, असे म्हणायला जागा आहे. गझलेच्या शिस्तीतून आलेला तो स्वर शब्दावर जोर देत नाही, शब्द जवळ नेऊन ठेवतो. ठसक्यात मराठी गाणाऱ्यांच्या जमान्यात हे निराळे होते. एवढे होऊनही दाते व्यवसायाने वस्त्रोद्योगातले अभियंते राहिले आणि कित्येक वर्षे नोकरी सांभाळून गायले. ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांनी जे जाहीर कार्यक्रम केले त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर सांगतात. अडीच हजार रात्री लोक तिकीट काढून तीच गाणी पुन्हा ऐकायला येतात, हे मोजणारे पायदान मात्र कुठे नव्हते. पायदानाला नवे गाणे लागते. गीतमालेत तर ठरावीक आठवडे गाजलेल्या गाण्याला बिगूल वाजवून, सन्मानाने का होईना, बाजूला काढले जाई. त्याचे पुढे काय झाले याच्याशी क्रमवारीला कर्तव्य नव्हते.

क्रमवारीचे एकक आठवडा आहे. मराठी घरातल्या गाण्याचे एकक वर्ष आहे, आणि गोंधळ इथे होतो. आषाढात अभंग, भाद्रपदात आरत्या, आश्विनात देवीची गाणी, दिवाळीच्या पहाटे भक्तिगीते, लग्नसराईत मंगलाष्टका, चैत्रात रामनवमीला गीतरामायण. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे हे काव्य १ एप्रिल १९५५पासून पुणे केंद्रावरून वर्षभर आठवड्याला एक गीत या हिशेबाने चालले. छप्पन्न गीते झाली. त्याचा खप तबकडीआधी पुस्तकाच्या रूपाने झाला, नंतर एचएमव्हीने लाँग प्ले तबकड्या काढल्या, मग कॅसेटी आल्या, आणि प्रत्येक नव्या साधनावर त्याच घराने तेच गीतरामायण पुन्हा विकत घेतले. अशा खपात कुठलाही आठवडा ‘विक्रमी’ ठरत नाही. चैत्रात थोडे वर, पावसाळ्यात थोडे खाली, आणि तीस-चाळीस वर्षे चालू. एका आठवड्याच्या चाळणीत हे धान्य कधी सापडत नाही.

याचा सर्वांत लख्ख दाखला इंदूरलाच जन्मलेल्या आवाजाचा आहे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी लता मंगेशकर इथे जन्मल्या. गीतमालेच्या पायदानांवर त्यांच्याइतका वावर फार थोड्यांचा. लता आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजातल्या गणपतीच्या आरत्याही तबकडीवर आल्या. मोठी बहीण तीच, गळा तोच, पण एक गाणे मोजले जाते आणि दुसरे मोजलेच जात नाही. दहा दिवस रोज दोन वेळा, प्रत्येक मंडपात, प्रत्येक गल्लीत, लाउडस्पीकरवर ही आरती वाजते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या कापड गिरण्यांच्या झाँक्या निघत. दिव्यांनी उजळलेले देखावे, मागे आखाडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रात्रभर उभी गर्दी. गिरण्या बंद पडल्या तरी झाँक्या राहिल्या. त्या गर्दीत हिंदीभाषक मोठ्या संख्येने, आणि त्यांनाही ही मराठी आरती तोंडपाठ. विकत घेणारा एक आणि ऐकणारे हजार, हा हिशेब गाण्याच्या कोणत्याही यादीत बसवणे अवघड आहे. मंडळे एकदा घेतलेली तबकडी झिजून करकरेपर्यंत दुसरी घेत नसत. झिजली की मात्र लगेच घेत, कारण तिच्यावाचून उत्सवाचे पान हलत नसे.

इंदूरला मराठी तबकडी मिळणे सोपे नव्हते. दुकानदार हिंदीचा साठा ठेवी, मराठी मागणीनुसार मागवी. म्हणून पुण्या-मुंबईला जाणाऱ्याकडे यादी दिली जाई. बाकरवडी, दिवाळी अंक, पंचांग आणि दोन तबकड्या हे येतानाचे सामान. अशी तबकडी लक्ष्मी रोडवर किंवा गिरगावात विकली गेली, तिथल्या हिशेबात लागली आणि वाजली मात्र नर्मदेपलीकडे. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव इथल्या मराठी घरांचेही थोड्याफार फरकाने असेच चाले. बृहन्महाराष्ट्राचा कान किती मोठा आहे, हे कंपन्यांना कधी नीट समजले असेल असे वाटत नाही.

कॅसेट आली आणि उरलासुरला हिशेबही सुटला. १९७०च्या दशकाअखेर टेप रेकॉर्डर घराघरांत शिरू लागले. १९८३ साली गुलशनकुमारांची टी-सीरीज उभी राहिली, व्हीनससारख्या कंपन्या आल्या आणि एचएमव्हीची जवळजवळ एकट्याची असलेली बाजारपेठ फुटली. कॅसेटच्या दुकानात दोन प्रकारचा माल असे. एक छापील, कंपनीचा. दुसरा ‘भरून’ दिलेला. गिऱ्हाइकाने वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायची, दुकानदाराने साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन दोन-तीन दिवसांत ती भरून द्यायची. आतल्या कार्डावर तो निळ्या बॉलपेनने अ बाजू, ब बाजू अशी नावे लिही. मराठी न येणाऱ्याने लिहिलेल्या मराठी गाण्यांच्या नावांत ‘ळ’चा ‘ल’ होई, ‘ण’चा ‘न’ होई, आणि शेवटी दोन मिनिटे उरली तर तो आपल्या पसंतीचे एखादे अर्धे हिंदी गाणे पदरचे भरी. पुढे वर्षानुवर्षे त्या घरात ते अभंगामागून येणारे अर्धे हिंदी गाणे त्या अभंगाचाच भाग होऊन बसे. हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत बसणारा नव्हता. पण गाण्यावरच्या लोभाचा इतका अचूक पुरावा दुसरा नाही, कारण इथे गिऱ्हाईक एकेक गाणे निवडून पैसे मोजत होते. आणि या पैशांची नोंद कोणत्याही कंपनीच्या वहीत नाही.

छापील कॅसेटींतही मराठीतला मोठा खप सुगम संगीताच्या सभ्य कपाटापलीकडे होता. प्रल्हाद शिंदे यांचा रांगडा, उंच पट्टीतला आवाज पंढरीच्या वाटेवर, एस.टी.च्या थांब्यांवर, जत्रेतल्या पालांत आणि रसवंतीगृहांत ऐकू येई. सत्यनारायणाच्या पूजेला त्यांचे गाणे लावले नाही तर काही राहून गेल्यासारखे वाटे. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने १९८०च्या दशकात लग्नाच्या वराती आणि गणपतीचे मंडप दणाणून सोडले. वेसाव्याच्या कोळीगीतांनी तोच पराक्रम किनाऱ्यावर केला. हे सगळे तुकोगंजातल्या दिवाणखान्यात उघडपणे वाजत नसे. तिथे भीमसेन जोशींची अभंगवाणी समोरच्या फळीवर आणि शिंदे यांची कॅसेट आतल्या खणात, असा भेद होता, आणि तो भेद आवडीचा कमी व प्रतिष्ठेचा जास्त होता. क्रमवारी नसली की अभिरुचीचे द्वारपाल हेच तिचे काम करतात. समीक्षकांच्या यादीत भावगीते आली, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत भावगीते आली. जत्रेतले गाणे तिथेही आले नाही.

तुकोगंजापासून महू पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी तिथल्या छावणीत झाला. दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसे येतात आणि त्यांच्याबरोबर गाणी येतात. वामनदादा कर्डक यांच्या पिढीने गावोगाव गात फिरून भीमगीत रुजवले. बाजा, ढोलकी, हातात वही आणि समोर वस्तीतला चौक. पुढे हीच परंपरा कॅसेटीत उतरली. तिची बाजारपेठ दुकानात नव्हतीच, पदपथावर होती. महूला १४ एप्रिल, नागपूरच्या दीक्षाभूमीवर विजयादशमी, दादरच्या चैत्यभूमीवर ६ डिसेंबर. या तारखांना जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर पुस्तके, तसबिरी, बुद्धमूर्ती आणि कॅसेटींच्या चळती. घेणारा बहुधा एक घेत नसे, गावातल्या आणखी तिघांनी सांगितलेल्याही घेई. नंतर सीडी आल्या, त्यामागून पेनड्राइव्ह. कॅसेटच्या धंद्यातल्या जाणकारांना हा खप पक्का माहीत होता, म्हणून तर प्रत्येक तारखेच्या आधी नवी गाणी तयार असत. मध्यमवर्गीय वृत्तपत्रांना तो फारसा माहीत नव्हता. एकाच गावाच्या परिसरात शेजारी-शेजारी दोन मराठी बाजारपेठा चालत होत्या आणि एकीचे गाणे दुसरीच्या कानावर क्वचित पडत होते.

हे केवळ मराठीचे दुखणे नव्हे. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये पंजाबी मुलांचे भांगडा गट जोरात होते. त्यांच्या कॅसेटी साउथॉल आणि बर्मिंगहॅमला हातोहात जात, पण जात त्या देशी दुकानांतून, कापड आणि किराणा विकणाऱ्यांकडून. ब्रिटिश क्रमवारीसाठी ज्या दुकानांची विक्री धरली जाई त्यांत ही दुकाने नव्हती. तेव्हा १९५२ साली फोनवर विचारलेला प्रश्न जिथे पोहोचत नव्हता तिथे तीस वर्षांनंतरही पोहोचला नाही. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ १९९१च्या मे महिन्यापर्यंत अल्बमच्या यादीसाठी दुकानदारांच्या तोंडी हवाल्यावर चाले. मग रोखपालाच्या यंत्रातून थेट आकडे येऊ लागले आणि आजवर यादीत खाली दिसणारे कंट्री संगीत आणि रॅप एकाएकी वर आले. लोकांनी एका रात्रीत आवड बदलली नव्हती. दुकानातल्या पोराला जे संगीत प्रतिष्ठित वाटे तेच तो आधी सांगत होता, इतकेच. तुकोगंजातल्या समोरच्या फळीला आणि आतल्या खणाला अमेरिकेतही भाऊबंद होते, तर.

इंदूरजवळ पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डांचे संग्रहालय उभे केले आहे. हजारो तबकड्या तिथे आहेत. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बरेच काही छापलेले असते: कंपनीचा क्रमांक, गायक, कवी, चित्रपट असेल तर त्याचे नाव, फेऱ्यांचा वेग. किती प्रती निघाल्या आणि किती खपल्या, हे कुठेच नसते. वापर मात्र ओळखता येतो. फार वाजलेल्या तबकडीची खोबण करडी पडते, सुरुवातीच्या कडेला सुईचे ओरखडे दिसतात, आणि पुष्कळदा एकच बाजू झिजलेली असते. दुसऱ्या बाजूचे गाणे तिच्याबरोबर विकले गेले, तितकेच विकले गेले, पण ऐकले गेले नाही. खपाचा आकडा हाती असता तरी हे कळले नसते.

आता आकडे चव्हाट्यावर आहेत. कोणते गाणे किती वेळा वाजले हे त्याच्या खालीच लिहिलेले असते, पुण्याहून वाजवा की तुकोगंजातून की न्यू जर्सीतून. तरी जुन्या गाण्याचा हिशेब पुन्हा चुकतोच. एकच भावगीत कंपनीने चढवलेले असते, शिवाय दहा हौशी माणसांनी आपापल्या कॅसेटीवरून चढवलेले असते, एकाने फुलांची चित्रे जोडून, दुसऱ्याने गायकाचा चुकीचा फोटो लावून, आणि ऐकणारे या सगळ्यांत विखुरलेले असतात. आरतीचे मात्र वेगळे. तिचा आलेख भाद्रपदात चढतो आणि अनंत चतुर्दशीनंतर खाली येतो, पुढच्या वर्षी पुन्हा चढतो. त्या आठवड्यात ती यादीत कितवी आहे हे आज कोणालाही पाहता येईल, पण घरात गणपती बसलेला असताना यादी पाहायची सवड कोणाला?